दोन महिन्यांसाठी दिलेला बिराप्पा

अणदूरच्या बिराप्पाला गाव झोपाळू म्हणायचं, आणि खोटं कशाला बोला, होताच तो तसा. अडतीस वर्षांचा धिप्पाड गडी, चाळीस मेंढरांचा धनी, पण त्याला काही विचारलं तर उत्तर येईस्तोवर तुमचा चहा पिऊन व्हायचा. म्हणून लोकांनी त्याला विचारायचंच सोडून दिलं होतं. माळावर काठीवर हनुवटी टेकून तो उभा राहायचा. वाऱ्यानं कुसळीचं गवत एका अंगाला कललं की तोही तेवढाच कलायचा, आणि गवत उभं राहिलं की हाही उभा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस आहे का बाभळीचं खोड?

आणि हाच माणूस गावच्या फुटबॉल टीमचा बॅक होता. म्हणजे गोलाच्या पुढं उभा राहून समोरच्याला अडवणारा. आता बोला! आपल्याकडं पोरं खो-खो खेळतात, कबड्डी खेळतात. फुटबॉलचं खूळ अणदुरात आणलं ते शिवलिंग मास्तरांनी. सोलापूरहून बदलून आले तेव्हा बोचक्यात एक बॉल होता. बारा वर्षांनी मास्तर पेन्शनीत निघाले, खूळ मात्र गावातच राहिलं. जाताना मास्तर म्हणाले होते, "पोरं येतील-जातील, त्या धनगराला तेवढं सोडू नका."

बिराप्पाचं खेळणं बघण्यासारखं होतं. समोरून फॉरवर्ड सुसाट यायचा आणि हा आपला उभा. लोक बोंबलायचे, "आरं जागा हो की!" त्याला ते विहिरीत बुडी मारल्यावर वरचं बोलणं ऐकू यावं तसं लांबून ऐकू यायचं. मग तेही विरायचं. माळावरचं ऊन संथ व्हायचं, देवळाचा कळस पिवळ्या धुरळ्यात तरंगायला लागायचा, घार आभाळात एका जागी थांबायची. कानात उरायची फक्त पाठीमागची घंटी, म्होरक्या बकऱ्याच्या गळ्यातली, आणि चाळीस तोंडांनी गवत तुटल्याचा बारीक कर्र कर्र आवाज. त्या आवाजात कधीतरी बिराप्पाचा पाय सहज पुढं जायचा आणि बॉल त्याचा झालेला असायचा. फॉरवर्ड पुढं जाऊन पडायचा. कसं झालं हे त्यालाही सांगता यायचं नाही.

हो, मेंढरं. सामना असला की मेंढरांचं काय करायचं? त्याची बायको हरणाबाई ती गोलामागच्या उतारावर चारायची. अर्ध्या वेळात बाजू बदलली की ती उठायची, हुर्र हुर्र करत चाळीसच्या चाळीस मेंढरं माळाला वळसा घालून दुसऱ्या गोलामागं न्यायची. नळदुर्गाला सामना असो की जळकोटला, तीच तऱ्हा. लोक म्हणायचे, काय ही बाई, गवताच्या काडीसाठी किती पायपीट! हरणाबाई हसायची आणि मेंढरं हाकायची.

आता टीमचं रडगाणं ऐका. अणदूर गोल खात नव्हतं, पण करतही नव्हतं. चार वर्षं झाली, लोहाऱ्याच्या स्पर्धेत शून्य-शून्य करून शेवटी चिठ्ठीवर हरून घरी यायचं. टीमचा कारभार गुरुसिद्धप्पा अण्णांकडं होता. बसस्टँडजवळ त्यांचं पेंड-सरकीचं दुकान; माणूस जिभेनं तिखट, पण सचोटीचा. त्यांच्या दुकानातला माल आजवर कुणी परत आणला नव्हता, आणि हे ते रोज एकदा तरी सांगायचे.

दिवाळी झाली आणि लोहाऱ्याच्या टीमचा कप्तान धनाजी दुकानात येऊन बसला. म्हणाला, "अण्णा, बिराप्पा आमाला द्या. बदल्यात आमचा रुद्रेश न्या. मागल्या साली त्यानं अकरा गोल केलेत."

दुपारी पोत्यांवर टीम बसली. बिराप्पाही होता, दाराजवळ, उंबऱ्यावर.

"द्या की," एकजण म्हणाला. "बॅक काय, कुणालाबी उभं करू."

"कुणालाबी?" वैजनाथ उसळला. वैजनाथ म्हणजे गोली. "बिराप्पा पुढं उभा असतो म्हणून म्या गोलात शेंगा खात बसतो. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नका. रुद्रेश लांबून साजरा दिसतोय."

"शेंगा खाऊन कप मिळतो व्हय रं?"

झालं, जुंपली. बिराप्पा पायानं किती बॉल अडवतो, त्याचं वय किती झालं, अजून किती वर्षं चालेल, सगळं निघालं. बैलाच्या बाजारात दात बघतात ना, तस्सं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही. बिराप्पा उंबऱ्यावर बसून ऐकत होता. त्याला वाटत होतं, आता कुणीतरी आपल्याकडं बघेल. आता बघेल. मग त्याची नजर रस्त्यापलीकडच्या लिंबाकडं गेली, पानांतून ऊन गळत होतं, आणि तो त्यात हरवला. भानावर आला तेव्हा निकाल लागला होता.

निकाल अण्णांनी काढला, आणि तो फक्त अणदूरच्या माणसालाच सुचावा. अणदूरचा खंडोबा एकट्या अणदूरचा नाही. सालातले दोनेक महिने तो नळदुर्गाला राहायला जातो. दोन गावांची माणसं बसतात, कागदावर करार होतो, आणि मुदत भरली की देव परत येतो. अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले, "अय्यो शिवा! देव दोन गावचा चालतो, तर गडी का चालत न्हाय? देव नळदुर्गाला निघाला की बिराप्पा लोहाऱ्याला. देव परत आला की बिराप्पा परत. तवर रुद्रेश आमच्याकडं." सगळ्यांना पटलं. धनाजीनं सही केली, अण्णांनी केली. कागद बिराप्पापुढं आला, त्यानंही केली. सही कर म्हणाले, केली.

घरी हरणाबाईनं विचारलं, "तुमाला इचारलं का?"

"न्हाय."

"आन तुमी?"

तो बराच वेळ चुलीकडं बघत बसला. "म्या काय म्हणणार," म्हणाला.

देव वाजतगाजत नळदुर्गाला गेला. भंडारा उधळला, गाव पिवळं झालं. दुसऱ्या दिवशी बिराप्पा पिशवी घेऊन वडापच्या जीपमधून लोहाऱ्याला गेला. त्याला निरोप द्यायला वैजनाथ तेवढा आला होता, तोही शेंगा खात.

लोहाऱ्यात धनाजीनं त्याला घरच्यासारखं ठेवलं. कॉट दिली, गादी दिली, जेवायला बसला की दही मागून यायचं. पण मैदानात उभा राहिला आणि बिराप्पाला काही कळेना. मागं पांढरी भिंत. भिंतीपलीकडं तहसीलला आलेल्या लोकांच्या गाड्यांचे हॉर्न. लोकांचं ओरडणं विरतच नव्हतं, उलट कानात घुसत होतं. ऊन नुसतं ऊन होतं. तो सारखा मान वळवून मागं बघायचा आणि तेवढ्यात बॉल त्याच्या पायांमधून निघून जायचा. स्पर्धेआधीच्या पहिल्या सामन्यात अंगावर तीन गोल झाले, दुसऱ्यात चार. धनाजीच्या घरचं दही बंद झालं नाही, पण वाढणारी मंडळी गप्प झाली.

आयुष्यात पहिल्यांदा बिराप्पा टक्क जागा होता आणि पहिल्यांदाच त्याला काही येत नव्हतं. भिंतीला पाठ लावून तो मनाशी म्हणाला, आपण म्हातारे झालो. त्याला रडू आलं.

धनाजीनं अण्णांना फोन लावला. "अण्णा, राग मानू नका, पण माल खोटा निघाला."

असलं बोलणं अण्णांनी जन्मात ऐकलं नव्हतं. दुकान तसंच उघडं टाकून ते तरातरा माळावर हरणाबाईकडं गेले. "काय गं, नवऱ्याला झालंय काय? माझी इज्जत घालवली की!"

हरणाबाईनं आधी त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, "अण्णा, देव नळदुर्गाला जातो तवा एकटा जातो का?"

"एकटा कसा जाईल? पालखी असती, घोडा असतो, वाघ्या-मुरळी असतात, पुजारी असतात."

"मग माज्या माणसाला एकट्याला पिशवी दिऊन कसं वं धाडलंत?"

अण्णांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"म्या अर्ध्या वेळात मेंढरं का फिरवते, इतक्या सालांत कुणी इचारलं न्हाय," ती म्हणाली. "त्यास्नी गोलबिल कळत न्हाय, अण्णा. मागं मेंढरं हायती आन पुढनं लांडगा येतोय, येवढंच कळतं."

अण्णा मटकन खाली बसले. कपाळावर हात मारून घेतला. करारात सगळं लिहिलं होतं, मुदत, तारीख, अदलाबदल. मेंढरं लिहायची राहिली होती! आता गप्प बसले असते तर अणदूरचाच फायदा होता. तिकडं लोहारा हरत होतं आणि इकडं रुद्रेश गोलावर गोल करत होता. पण माल खोटा निघाला हा शब्द त्यांना गिळवेना. म्हणाले, "ने मेंढरं. म्या सांगतो धनाजीला."

तीन मुक्काम करत हरणाबाई लोहाऱ्याला पोचली. वाटेत कुणाकुणाच्या रानात लेंडीखतासाठी मेंढरं बसवली, शेतवाल्यांनी दुवा दिला. मैदानात तिसरा सामना चालू होता. बिराप्पा भिंतीपुढं घाम पुसत उभा होता, आणि त्याच्या कानावर घंटी आली. आधी त्याला भास वाटला. मग भिंतीच्या कडेनं म्होरक्या बकऱ्याचं डोकं दिसलं, मग दुसरं, मग सगळी लोकर हलत-डुलत आली आणि गोलामागच्या वाळक्या गवतावर पसरली. कर्र कर्र आवाज सुरू झाला. बिराप्पानं डोळे मिटले. हॉर्न विरले, माणसं विरली. भिंत कुठल्या कुठं गेली आणि तिच्या जागी अणदूरचा माळ उतरत आला.

त्यानंतर लोहाऱ्यानं एकही गोल खाल्ला नाही.

आणि स्पर्धेतला शेवटचा सामना कुणाशी पडावा? अणदूरशीच! सगळी टीम पिवळ्या बनियनात आली. वीस वर्षं जे अंगावर घातलं ते समोरून येताना बघून बिराप्पाचा जीव गलबलला. लोहाऱ्यानं एक गोल केला. अर्ध्या वेळात हरणाबाईनं मेंढरं फिरवली, आणि या खेपेला अणदूरची माणसं त्या कळपाकडं बघत राहिली. आता त्यांना कळत होतं, पण काय उपयोग!

मिनिटभर उरलं असताना रुद्रेश बॉल घेऊन सुटला. पिवळं बनियन उन्हातून तरंगत आल्यासारखं येत होतं. बिराप्पाला वाटलं, जाऊ द्यावं. आपलंच गाव आहे, जाऊ द्यावं. त्याच वेळी मागं एक कोकरू आईला शोधत ओरडलं. त्याचा पाय सहज पुढं गेला. रुद्रेश पुढं जाऊन पडला आणि बॉल बिराप्पाच्या पायाशी राहिला. शिट्टी झाली. लोहारा नाचत होतं आणि बिराप्पाला वाईट वाटत होतं. लई वाईट वाटत होतं.

धनाजीनं मैदानातच अण्णांना गाठलं. "अण्णा, मुदत संपली. पण आता बोला, बिराप्पा कायमचा द्या. रुद्रेश कायमचा घ्या, वर आमचा गोलीबी घ्या. मेंढरांना बारमाही गवताची सोय म्या करतो." खिशातून कागद निघाला. अणदूरची टीम भोवती जमली. कुणी म्हणे घ्या, कुणी म्हणे नको. वैजनाथ तर, गोली कशाला, माझं काय मग, म्हणून भांडायलाच उठला. पुन्हा तीच जुंपली. बिराप्पा जरा बाजूला मेंढरांत उभा होता, हनुवटी काठीवर.

अण्णांनी पेन उघडलं. कागदावर टेकवलं. आणि काय झालं कुणास ठाऊक, पेन तसंच बंद करून ते मेंढरांतून वाट काढत त्याच्यापाशी गेले.

"बिराप्पा," ते म्हणाले, "तुला काय वाटतं रे?"

बिराप्पा बघत राहिला. घार एका जागी थांबली. अण्णा उभे होते; घाई नाही, चुळबुळ नाही. हरणाबाईनं पदर तोंडाशी धरला. बऱ्याच वेळानं बिराप्पाच्या डोळ्यांतून पाणी ओघळून दाढीत गेलं, आणि तो म्हणाला,

"अण्णा, आजून एकदा इचारा की."

अण्णांनी पुन्हा विचारलं.

बिराप्पानं काठी उचलली आणि मेंढरांची तोंडं अणदूरच्या रस्त्याकडं वळवली.