न घेतलेले एकोणीस कॅमेरे

कॅमेऱ्याचं पाकीट आम्ही कॅमेऱ्याच्या आधी घेतलं. जाड काळ्या कापडाचं, कमरेच्या पट्ट्यात अडकवता येईल असं. माझे पती म्हणाले, यात मावेल तोच कॅमेरा घ्यायचा, म्हणजे निवडीचं निम्मं काम आताच झालं. तेव्हा दोन हजार आठ साल असावं. उरलेलं निम्मं काम पुढची सहा वर्षं चाललं आणि पुरं झालं नाही. एका फेब्रुवारीत ते वारले तेव्हा पाकीट कपाटात होतं आणि त्यात कॅमेरा नव्हता.

ते लखनौच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलावर आणि त्याच्या भाऊबंदांवर त्यांचं काम होतं. झाडांच्या सालींवर, जुन्या भिंतींवर राखाडी-हिरव्या खपल्यांसारखं ते वाढतं, फार सावकाश. संस्थेचा मोठा कॅमेरा कुलपात असे आणि तो मिळवायला अर्ज करावा लागे. निवृत्तीनंतर त्यांना स्वतःचा हवा होता. खिशात राहील इतका लहान, पण प्रकाश किती घ्यायचा, नजर कुठे ठेवायची, हे सगळं आपल्या हाताने ठरवू देणारा. जाहिराती त्याला प्रगत कॉम्पॅक्ट म्हणत. ते त्याला शहाणा लहान कॅमेरा म्हणत.

आमचं घर लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत आणि कॅमेऱ्यांचं दुकान शेजारच्या कपूरथला भागातल्या बाजारात, चालत दहा मिनिटांवर. नवं मॉडेल आलं की दुकानदार फोन करी आणि आम्ही शनिवारी संध्याकाळी जात असू. विकत घ्यायला नव्हे, तपासायला. तपासणीचे नियम त्यांनी प्रयोगशाळेतून आणले होते. तुलना करायची तर बाकी काही बदलता कामा नये. म्हणून दाराजवळचं तेच स्टूल, त्यावर बसलेली मी, तितकंच अंतर, आणि माझ्या हातात घरातला तोच जाडजूड शब्दकोश. त्याच्या पुठ्ठ्यावर बारीक सोनेरी अक्षरं होती. ती किती रेखीव येतात यावरून ते लेन्स जोखत. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. जड पुस्तक उचलायची सवय होती, पण बाजारात कोश घेऊन जाताना लाज वाटे.

"भाभीजी, इम्तहान दे रही हैं क्या?" दुकानदाराने पहिल्या वेळी विचारलं होतं.

"परीक्षा ती नाही, तुमचा कॅमेरा देतोय," हे त्यांनी मराठीतच सांगितलं आणि मग हिंदीत केलं. "इम्तहान आपका कैमरा दे रहा है."

"अगं, पुस्तक जरा वर धर."

"अहो, हात भरून आला."

"एकच. हलू नकोस."

एक म्हणता चार फोटो होत. फोटो ते स्वतःच्या मेमरी कार्डावर घेत, घरी संगणकावर मोठे करून पाहत आणि वहीत एक ओळ लिहीत. कोपरे मऊ. रंग पिवळट. बटण फार लहान. ओळीच्या शेवटी निर्णयाचा रकाना होता आणि त्यात दर वेळी एकच शब्द असे: थांबावे. सहा महिन्यांनी याहून बरा येणारच होता, आणि खरंच येत असे.

"भाई साहब, इतने में तो लोग लड़की का रिश्ता तय कर लेते हैं," दुकानदार म्हणे.

"रिश्ते में लेंस नहीं देखना पड़ता."

ते गेल्यानंतर मुलगी महिनाभर माझ्याजवळ राहिली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. पाकिटातलं कार्ड तिच्याच लॅपटॉपवर मी पाहिलं. प्रत्येक कॅमेऱ्याचा एकेक फोटो त्यांनी ठेवला होता, एकूण एकोणीस. एकोणीस वेळा मी, स्टूल आणि कोश. केस पांढरे होत गेलेले, चष्म्याची चौकट दोनदा बदललेली. वरवर पाहता सगळ्यांत कोशावरची अक्षरं स्पष्ट होती आणि त्यामागचा माझा चेहरा थोडा पुसट. त्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. प्रयोग अक्षरांचा होता.

मी मुलीला म्हटलं, कॅमेरा घ्यायचाय.

"आई, फोन में इतना अच्छा कैमरा है. अब कौन लेता है ये सब? और आप फोटो किसका खींचोगी?"

त्यांची पुस्तकं संस्थेला गेली, कपडे देऊन झाले, कागदपत्रांवर सह्या झाल्या. हे एकच काम त्यांनी मधेच सोडलं होतं आणि ते पुरं करायचं तर त्यांच्या पद्धतीने करायला हवं होतं. म्हणून मुलगी परत गेल्यावर मी वही आणि फोटो समोरासमोर ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. तीन संध्याकाळी लागल्या.

अकरावा फोटो वेगळा होता. त्यात कोश पुसट होता आणि माझा चेहरा स्वच्छ. मी पुस्तकावरून वर बघत होते, काहीतरी बोलायच्या बेतात, बहुधा हात दुखतो हेच. वहीत अकराव्या ओळीत लिहिलं होतं: फोकस चुकतो. अक्षरं सोडून चेहऱ्यावर जातो. थांबावे.

एप्रिलमध्ये मी दुकानात गेले. अर्ध्या काउंटरवर आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती.

"आइए भाभीजी, भाई साहब नहीं आए? कहिए, एक नया आया है."

मी सांगितलं. त्याने दाराजवळचं स्टूल उचलून पंख्याखाली आणून ठेवलं आणि पाणी मागवलं. मी वहीतल्या अकराव्या मॉडेलचं नाव वाचून दाखवलं.

"ये? ये तो कब का बंद हो गया. शोकेस वाला पीस पड़ा है, किसी ने लिया नहीं. भाई साहब ने खुद मना किया था."

"हाँ, मालूम है."

खालच्या खणातून त्याने तो काढला, फडक्याने पुसला, बॅटरी चार्ज होईपर्यंत चहा पाजला. मी पाकीट पुढे केलं. कॅमेरा त्यात बरोबर बसला. चालू केल्यावर मी तो काउंटरकडे धरला तशी पडद्यावर एक पिवळी चौकट हलली आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावर जाऊन थांबली.

"यही तो शिकायत थी उनकी," तो म्हणाला. "चेहरा दिखा नहीं कि उधर भागता है. मैंने कहा था, मेन्यू से बंद हो जाता है. बोले, जो चीज़ बंद करनी पड़े, वो लेनी क्यों. आपके लिए बंद कर दूँ?"

"नको," मी म्हटलं. मग, "रहने दीजिए."

घरी येऊन वहीत अकराव्या ओळीतल्या 'थांबावे'पुढे 'घेतला' असं लिहिलं. माझं अक्षर त्यांच्याहून मोठं आहे, रकान्यात मावलं नाही.

आता सकाळी मी कॉलनीतल्या बागेत जाते. तिथल्या आंब्याच्या खोडावर, उत्तरेच्या बाजूला, त्यांनी दाखवलेलं दगडफूल अजून आहे. मी कॅमेरा जवळ नेते, ते भिंग नेत तितका. पण खोडामागून कुणी फिरायला आलेलं दिसलं की चौकट दगडफूल सोडून त्या माणसाच्या चेहऱ्यावर जाते आणि समोरची खपली पुसट होते. माणूस पुढे निघून जाईपर्यंत थांबावं लागतं. या कामाला हा कॅमेरा चालणार नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.