खंडेनवमीला दोन्ही स्विच बंद

मला हिंगोलीतून बाहेर पडता येत नव्हतं. तुरुंगात नव्हतो. चांगली नोकरी होती, एका सहकारी बँकेच्या मुख्य शाखेत कॉम्प्युटरचं बघायचो, आणि तेच माझं दुखणं होतं. नरसी, डोंगरकडा, सेनगाव, सगळ्या शाखांचं काम आमच्याकडून चालायचं आणि आमचं सगळं मागच्या खोलीतल्या एका स्विचवर. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या पेटीत येऊन मिळतात, ती पेटी. उन्हाळ्यात ती तापायची, लाईट गेली-आली की अडकून बसायची, आणि ती अडकली की काउंटर ठप्प. मग शिपाई माझ्या घराचं दार वाजवायचा. जेवताना वाजवायचा, आंघोळीला बसलो तरी वाजवायचा. पुढं मोबाईल आला तेव्हा वाटलं, सुटलो. कसलं काय! दार निदान घरी असतानाच वाजायचं.

माय गावी, साखऱ्याला राहायची. बाप होता तोवर दोघं दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. बाप गेला आणि तिचं जाणं बंद पडलं. तिला बस कळत नव्हती असं नाही, तिला लेकासोबत जायचं होतं. दरवर्षी विचारायची आणि दरवर्षी मी म्हणायचो, पुढच्या साली नक्की. कारण दसऱ्याला तिथं पोचायचं तर आदल्या दिवशी निघावं लागतं, आणि आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी काउंटर उघडायच्या आधी आमच्या बँकेत यंत्रांची पूजा. तिजोरी, नोटा मोजायचं मशीन, जुना टाईपरायटर, स्विच, सगळ्यांना हळद-कुंकू. पूजेच्या वेळी मशीन बंद पाहिजे. ते बंद मी करायचं, नारळ फुटला की चालूही मीच करायचं. पूजेशी माझा काही संबंध नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅनेजरसाहेब हसत म्हणायचे, तुम्ही हात जोडू नका, नुसतं बटण दाबा. अंगाचा तिळपापड व्हायचा. पण हसून घ्यायचो, नोकरी होती.

शेवटी मी साहेबांच्या मागं हात धुऊन लागलो. म्हटलं, एक स्विच आणखी घ्या, दोघांची जोडी लावतो, एक बसला तर दुसरा सगळं काम ओढेल. त्यांना यातलं अर्धंच कळलं, पण संचालकांकडून मंजूर करून आणलं. मी दोन्ही पेट्या एकावर एक बसवल्या. महत्त्वाच्या प्रत्येक मशीनची एक वायर ह्यात, एक त्यात. दोन्ही पेट्या आपसात जोडायला दोन वायरी, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. मग साहेबांना उभं करून त्यांच्या देखत एका स्विचची पिन उपटली. बाहेर पासबुकं छापतच होती. कुणाला पत्ताही लागला नाही. मी तिथंच उभ्या उभ्या खंडेनवमीची सुट्टी मागितली आणि त्यांनी दिली.

निघायच्या आधी पुन्हा पुन्हा सांगितलं. आधी वरचा बंद करा, त्याची पूजा करा, चालू करा, मग खालचा. दोन्ही एकदम बंद करू नका आणि वायरींना बोट लावू नका. साहेब म्हणाले, आम्ही काय लहान पोरं आहोत का? मला खरंच वाटलं की आता सुटलो.

सकाळच्या नागपूर गाडीत मी मायशेजारी बसलो. तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं. साखऱ्याच्या आमच्या गल्लीतली एक मावशी मागच्या बाकावर बसली होती, तीही नागपूरलाच निघालेली. मी म्हटलं, चला, गावचं माणूस आहे. माय खिडकीतून बघत होती आणि बापाच्या गोष्टी सांगत होती. इतकी बोलताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मन भरून आलं होतं माझं.

कनेरगाव नाक्यावर गाडी चहाला थांबली, मी खाली उतरलो आणि मोबाईल वाजला. साहेब होते. काहीच चालत नव्हतं. ना हिंगोली, ना नरसी, ना डोंगरकडा. गिऱ्हाईकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि एक संचालक साहेबांच्या टेबलासमोर येऊन बसले होते.

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. एकाची पूजा करायची आणि दुसरा तसाच घरघरत ठेवायचा, हे साहेबांच्या मनाला पटलं नाही. जोडी आहे म्हटल्यावर दोघांचा मान बराबर पाहिजे. म्हणून दोन्ही एकदम बंद केले. हार घालताना वायरी आड आल्या, म्हणून त्या काढल्या. नारळ फुटल्यावर परत लावल्या, तर एक वायर अर्धी लोंबकळत राहिली. सणाच्या दिवशी बरं दिसत नाही म्हणून तिचं मोकळं टोक त्याच पेटीतल्या रिकाम्या भोकात खोचलं. कपाळ माझं! दोन्ही टोकं एकाच पेटीत गेली की पेटीचं बोलणं फिरून तिलाच ऐकू येतं. ती स्वतःशीच ओरडत बसते, जोडीतल्या दुसरीलाही ओरडायला लावते आणि बाकी कुणाचा शब्द पुढं सरकत नाही. दोन पेट्या होत्या, दोन्ही एकदम बसल्या.

मी म्हटलं, ती वायर काढा. साहेब म्हणाले, कोणती? सगळ्या निळ्याच आहेत. मी सांगत गेलो, ते ऐकायलाच तयार नव्हते. आता आम्ही हात लावणार नाही, तुम्ही या. संचालकांनी फोन घेतला आणि शांतपणे म्हणाले, "नोकरी करायची ना?"

मी गाडीत चढलो. मायला म्हटलं, "माय, उतर. आज परत जाऊ, उद्या पहाटे निघू."

"मी न्हाई उतरत," ती म्हणाली. "तू जाय."

मी बाकावरून पिशवी उचलत नाही तोच मागची मावशी आपलं गाठोडं घेऊन उठली आणि माझ्या जागेवर येऊन बसली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. मी दोघींना विचारलं,

"तुमचं आधीच ठरलं व्हतं का?"

"व्हय," माय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. "पोळ्यालाच ठरलं. तू अर्ध्यातून फिरशील हे मला ठाव व्हतं, लेकरा. तुझ्या भरवशावर म्या आता काहीच ठिवत न्हाई."

कंडक्टरनं बेल मारली. मी खाली उतरलो. मला संताप आला होता, साहेबांचा, संचालकांचा, त्या निळ्या वायरीचा. कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. खिडकीतून दिसलं, मायनं मांडीवर फडकं सोडलं आणि माझ्या वाट्याची भाकर मावशीच्या हातावर ठेवली. मावशीनं ती मोडून खायला सुरुवात केली. गाडी वाशिमकडं निघून गेली.

मी रस्ता ओलांडून हिंगोलीच्या बाजूला उभा राहिलो. फोन परत वाजला. साहेब विचारत होते, कुठपर्यंत आलात?

"येऊन राहिलो, साहेब," मी म्हटलं.