साखरपुड्याचा फोटो आणि माझे गुडघे

साखरपुड्याचे फोटो आपले आपणच काढायचे, हा निर्णय मी रागात घेतला. सावेडीतल्या एका फोटोवाल्यानं नमुना म्हणून एका जोडप्याचा अल्बम दाखवला, त्यात मुलगी उसाच्या फडात गाऊन घालून पळत होती. उसाचं पातं कसं कापतं हे ज्याला माहीत आहे, त्याच्या अंगावर काटाच यावा. वर हा बाबा म्हणतो, तुम्ही फक्त हसायचं, बाकी आम्ही बघून घेतो. पॅकेजचा आकडा ऐकून वैभव, म्हणजे माझा होणारा नवरा, हसायचंच विसरला. मी म्हटलं, चल ऊठ, आपण काढू.

वैभव श्रीगोंद्याकडच्या काष्टीचा, मी नगरची. (कागदावर आता अहिल्यानगर, पण तोंडात बसायला वेळ लागणार.) साखरपुडा काष्टीला, पुढच्या रविवारी, आणि कार्यालयाच्या दारात आम्हा दोघांचा माणसापेक्षा मोठा फ्लेक्स लागणार. त्यासाठी एक, फक्त एक चांगला फोटो हवा होता. वैभवच्या आईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "कसाबी काढा, पन जोडा शोबला पायजे."

हे कशाबद्दल आहे ते मला बरोबर कळलं. मी वैभवपेक्षा दोन बोटं उंच आहे. बघण्याच्या कार्यक्रमात मी बसलेली होते, त्यामुळे हे सगळ्यांच्या उशिरा लक्षात आलं, आणि तोवर आमचं दोघांचं फोनवर जमून गेलं होतं. मला काही फरक पडत नाही, असं वैभवनं तेव्हाच सांगितलं होतं. विषय तिथंच मिटला असं मी धरून चालले होते.

कॅमेरा आणि ट्रायपॉड मावसभावाचा. अक्कल कुणाचीच नाही. म्हणून नवशिक्यांच्या एका फोटोग्राफी ग्रुपमध्ये शिरलो. तिथे रोज संध्याकाळी आपले फोटो टाकायचे आणि ग्रुप चालवणाऱ्या मॅडमचं बोलणं खायचं, अशी पद्धत. काटछाट न करता, आहेत तसे टाकायचे, ही त्यांची सक्त ताकीद.

शनिवारी उजाडताच स्कूटरवरून चांदबिबी महाल गाठला. पाथर्डी रस्त्याला लागलात की डोंगरावर दिसतोच, गाडी पार वरपर्यंत जाते, पाणी मात्र बरोबर घ्या. मला वाटलं होतं, वर आम्ही दोघं आणि वारा. कसलं काय! एका कमानीसाठी चक्क रांग. गुलाबी धूर सोडणारे, फुगे उडवणारे, नवरीचा घेर झेलायला दोन-दोन माणसं. मी तोंडात बोटच घातलं. आम्ही कोपऱ्यात ट्रायपॉड लावला तर लांबून एकजण ओरडला, ओ ताई, आमच्या फ्रेममधून निघा.

दहा सेकंदांचा टायमर लावून वैभव पळत यायचा आणि दर वेळी अर्धा डोळा मिटलेला सापडायचा. मग त्याला कॅमेऱ्यात एक सोय सापडली: एकदा चालू केलं की कॅमेरा थोड्या थोड्या वेळानं आपला आपणच फोटो काढत राहतो. आम्हाला तर स्वर्गच मिळाला. आपण यायचं, उभं राहायचं, जायचं, कॅमेरा चालूच. नवशिक्यांनो, ही सोय जरूर वापरा, पण पुढचं वाचून मग.

तिथून पुणे रस्ता धरून सुप्यात मिसळ खाल्ली. डोळ्यांतून पाणी काढणारी होती, वैभवनं तर्री पुन्हा मागून घेतली. सुपं मागे टाकून आत वळलो आणि निघोजचे रांजणखळगे गाठले. मी फोटोत शंभरदा बघितलेत, पण प्रत्यक्ष काठावर उभी राहिले आणि गारच पडले. कुकडीच्या पाण्यानं एवढा काळा कातळ लोण्यासारखा कोरून काढलाय. दुपारी दगड तव्यासारखा तापतो, आणि काठ गुळगुळीत असतात, तेव्हा फोटोच्या नादात फार पुढे जाऊ नका. मळगंगेच्या दर्शनाला आलेल्या दोन बायका आमचा आपोआप वाजणारा कॅमेरा बघत थांबल्या.

"यांचा फोटूवाला कुठं गेला गं?"

"पळून गेला आसन," दुसरी म्हणाली.

आम्ही हसून हसून बेजार झालो. तो फोटो खरंच छान आलाय, फक्त फोकस मागच्या झुडपावर आहे.

संध्याकाळी घरी येऊन ग्रुपवर फोटो टाकले. जीन्स-कुर्त्यात मी, निळ्या शर्टात वैभव, मला तर आम्ही हिरो-हिरॉईनच वाटत होतो. मॅडमचा आवाजी निरोप आला. क्षितिज सगळीकडे तिरकं. वैभवच्या डोक्यातून खांब उगवलाय. हे सगळं मी मान हलवत ऐकलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि मुलीचे गुडघे बघा. दोघांच्या प्रत्येक फोटोत वाकलेत. पाय दुखतोय का तिचा?"

माझा पाय अजिबात दुखत नव्हता.

मी लॅपटॉपवर सगळे फोटो ओळीनं लावले आणि एकेक पुढे सरकवत गेले. मी एकटी उभी, ताठ. वैभव पळत येतोय, मी ताठ. वैभव शेजारी पोचला, माझे गुडघे वाकले, खांदा उतरला, मान आत. वैभव परत कॅमेऱ्याकडे निघाला, मी पुन्हा ताठ. मागे नेलं, पुढे आणलं. चांदबिबीला तेच, निघोजला तेच, सपाट जागेवरसुद्धा तेच. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला कळलंही नव्हतं. माझंच अंग माझ्या परस्पर हे करत होतं.

रविवारी वैभवनं घरची चारचाकी आणली. दौंड रस्त्यानं काष्टी, तिथून श्रीगोंदा आणि पुढे पेडगाव. पेडगावच्या किल्ल्यात फारसं कुणी फिरकत नाही, काटेरी झुडपं आहेत, पायात बूट घाला. पण आतली जुनी देवळं बघून वेड लागतं. एवढं कोरीवकाम आपल्याच जिल्ह्यात आहे आणि आपण महाबळेश्वरला जातो! लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या सावलीत बसून मी वैभवला मोबाईलवर ती फोटोंची ओळ दाखवली. मला वाटलं, तोही हबकेल. त्यानं नुसता मोबाईल परत माझ्या हातात दिला.

"तुला हे दिसलं होतं?" मी विचारलं.

"हो. चांदबिबीलाच."

"मग बोलला नाहीस का?"

तो खाली बघत म्हणाला, "बरं वाटत होतं."

खोटं बोलला असता तर मी कडकडून भांडले असते. हे ऐकून मला भांडताच येईना. फरक पडत नाही म्हणणारा तो हाच, आणि काल दिवसभर माझ्या वाकण्यावर खूश होता तोही हाच. मी उठले आणि एकटीच तटाच्या कडेनं चालत भीमेच्या बाजूला गेले. पलीकडे कुणीतरी शेताच्या पाण्याची मोटार चालू केली होती, तिचा आवाज येत होता. साखरपुडा आठवड्यावर आलेला, हॉल ठरलेला, आणि मी सरळ स्वतःला विचारत होते की या माणसाशेजारी मला जन्मभर असंच उभं राहायचंय का. खरं सांगते, नाही म्हणून टाकावं असंही मनात येऊन गेलं. आईला काय सांगायचं, हे वाक्यसुद्धा मी जुळवायला लागले होते.

थोड्या वेळानं वैभव ट्रायपॉड खांद्यावर टाकून आला. सॉरी वगैरे म्हणाला नाही. सपाट जागा बघून त्यानं कॅमेरा लावला आणि म्हणाला, "सरळ उभी राहा. मला बघायची सवय लागू दे."

गंमत वाटेल, पण ते जमेना. पहिल्या काही फोटोंत मी पुन्हा वाकलेलीच. शेवटी मी पायांकडे लक्ष देऊन, दात आवळून उभी राहिले आणि एक फोटो निघाला. मी ताठ आहे, वैभव थोडा घाबरल्यासारखा दिसतो, आणि मी त्याच्याहून उंच आहे हे लांबून कुणालाही कळेल. तोच ग्रुपवर टाकला. मॅडमचं उत्तर आलं, "क्षितिज अजून तिरकं. बाकी ठीक."

परत येताना काष्टीत फ्लेक्सच्या दुकानात थांबलो. दुकानदारानं फोटो उघडला, जरा निरखून पाहिला आणि सहज विचारलं, "ताईंना थोडं खाली घेऊ का? दोन मिन्टाचं काम हाय. सगळेच घेत्यात."

सगळेच! मी थक्क झाले. म्हणजे रस्त्यानं आम्ही बघत आलो त्या फ्लेक्सवरच्या किती मुली अशा खाली घेतलेल्या असतील कोण जाणे. मी मुद्दाम एक शब्द बोलले नाही. वैभव स्क्रीनकडे इतका वेळ बघत राहिला की दुकानदारानं माऊसवर हात ठेवलासुद्धा.

"नको," वैभव म्हणाला. "ती तेवढीच आहे."

तिथूनच त्यानं तो फोटो आपल्या आईंना पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर अजून आलेलं नाही. आलं की मलाच ऐकून घ्यावं लागेल, त्याची तयारी मी ठेवली आहे.

खर्चाचं विचाराल तर पेट्रोल, मिसळ आणि ऊन. फोटोग्राफी म्हणून मी काय शिकले? क्षितिज सरळ ठेवावं, फोकस डोळ्यांवर असावा, आणि आपले फोटो परक्या माणसाला दाखवावेत, कारण आपल्याला आपलंच दिसत नाही. वैभववरचा राग पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही. पण दुकानातलं त्याचं 'नको' मी स्वतः ऐकलंय.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, फोटोही दाखवला. तिनं तो मोठा करून बघितला. मग म्हणाली, "मला तर फोटोवाल्यानं खुर्चीच आणून दिली होती."

मी भिंतीकडे बघितलं. आई-बाबांचा लग्नातला फोटो: आई खुर्चीत, बाबा शेजारी उभे, हात खुर्चीच्या पाठीवर. त्या काळची तऱ्हाच तशी, असं मी इतकी वर्षं समजत आले. आई बाबांपेक्षा उंच आहे हे काय मला माहीत नव्हतं? पण अल्बम काढून पानं उलटली आणि पुन्हा तोच धक्का. माझं बारसं, घराची वास्तुशांत, माझा दहावीचा सत्कार. बाबा शेजारी असले की आई बसलेली.

"मग सवयच लागली," आई म्हणाली. "फोटो म्हटलं की मी आपली खुर्ची शोधते." मग तिनं विचारलं, "कॅमेरा परत कधी द्यायचाय?"

उद्या, मी म्हटलं.

तिनं केसांवरून हात फिरवला आणि आत हाक मारली, "अहो, शर्ट घालून बाहेर या जरा." आणि बाबा यायच्या आत ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.