नल्ल तण्णी

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जातो. घरात सगळ्यांना हे माहीत आहे. माझी सगळी नोकरी मोजमापात गेली, आणि जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. तरीही हे लिहितोय... कारण यातलं काही मला अजून जुळवता आलेलं नाही.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी रत्नागिरीहून मद्रासला, समुद्राकाठच्या एका सरकारी मत्स्यालयात नवीनच लागलो होतो. मला काम शिकवणारे वेंकोबाराव तंजावरकडचे मराठी, राहायला एग्मोरला. त्यांचं बोलणं माझ्या पणजोबांच्या पत्रांसारखं, मधूनच तमिळ. समुद्रघोड्यांची पिल्लं वाढवायची हा त्यांचा ध्यास. आधीच्या सगळ्या खेपा मेल्या होत्या, आणि आता रिटायरमेंट तोंडावर आली होती.

ही पिल्लं फक्त जिवंत खाणं खातात. त्यासाठी काचेच्या नऊ बरण्यांत हिरवं शेवाळपाणी आणि त्यावर पोसलेले रव्याहून बारीक जीव. रोज अर्धी बरणी पिल्लांना जायची आणि तेवढंच समुद्राचं पाणी परत भरायचं. वेंकोबाराव आधी त्यात बोट बुडवून खारेपणा चाखायचे. यंत्रापेक्षा जिभेवर भरवसा! मला हसू यायचं.

या शेवटच्या खेपेची पिल्लं चार दिवसांची असताना वेंकोबारावांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. जाताना म्हणाले, "तुमच्यावर सोडून जातों. ह्यांस उपाशीं ठेवूं नका, सरि?"

ऑपरेशनच्या दिवशी समुद्राचं पाणी गढूळ आलं. एका घड्यात आदल्या दिवशीचं निवळलेलं होतं. पाणी भरणाऱ्या कन्नियम्माला मी माझ्या नव्या तमिळमध्ये ऐटीत सांगितलं, "नल्ल तण्णी ऊत्तु, अम्मा." चांगलं पाणी ओत. आणि ऑफिसात गेलो.

तासाभराने आलो तर आठ बरण्यांत तळाशी पांढुरका गाळ. सगळं मेलेलं. मद्रासमध्ये 'नल्ल तण्णी' म्हणजे प्यायचं गोडं पाणी, हे मला तेव्हा कळलं. बाईने बिचारीने नळाचं पाणी आणून ओतलं होतं. एका म्हाताऱ्या माणसाची शेवटची संधी मी एका शब्दाने घालवली होती.

नववी बरणी मात्र जिवंत. आत जीव नुसते वळवळत होते.

"यात का नाही ओतलंस?" मी विचारलं.

"अय्यांनी ओतू दिलं नाही," ती म्हणाली. "घड्यात बोट घालून चाखलं, तोंड वाकडं केलं आणि घडा माझ्या हातातून काढून घेतला. मग त्या कालच्या घड्यातलं स्वतः ओतलं."

"कुठले अय्या?"

"तुमचे रावअय्या. दुसरं कोण?"

त्या वेळी वेंकोबाराव ऑपरेशनच्या टेबलावर होते.

ती चुकली असेल, घाबरून बोलली असेल, असं मी स्वतःला समजावलं. संध्याकाळी कबुली द्यायला दवाखान्यात गेलो. ते गुंगीत होते. उशाशी त्यांची बायको रडवेली होऊन बसली होती. मला म्हणाली, "पाण्याचा थेंब दिला नाहीं, डॉक्टरांनीं बंद केलंय. आणि हे मघापासून थुंकतात. तोंड गोड झालं, गोड झालं म्हणतात..."

मी कबुली न देताच परतलो.

त्या एका बरणीवरून मी बाकीच्या आठ पुन्हा लावल्या. तोवर पिल्लं अर्धपोटी राहिली, काही गेली. पण उरलेली वाढली. दीड महिन्याने वेंकोबाराव काठी टेकत आले. वेलीसारख्या शेपट्या गवताला गुंडाळून डुलणारे समुद्रघोडे पाहून ते काचेला हात लावून कितीतरी वेळ उभे राहिले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

मग मात्र मला राहवलं नाही. शब्दाची चूक, आठ बरण्या, कन्नियम्माने सांगितलेलं... सगळं सांगून टाकलं. रागावतील वाटलं होतं.

"मी आलों असतों," ते म्हणाले, "तर आठ मरूं दिल्या असत्या होय? पहिलीलाच आलों असतों."