लपलेला मासा आणि बाबांची खुर्ची

मंडळी, आमच्या कोथरूडच्या हॉलमध्ये आज अखेर मासे आले!

महिनाभर टाकीत नुसतं पाणी, वाळू, एक लाकडाचा ओंडका आणि पाणवनस्पती होत्या. पाणी माशांना मानवेल असं व्हायला तेवढा वेळ द्यावा लागतो. माझे सासरे, म्हणजे बाबा, जाता-येता म्हणायचे, "वा, पाणी छान पोहतंय."

साताऱ्याचं घर बंद करून बाबा दिवाळीत आमच्याकडे राहायला आले. तेव्हापासून जेवणापुरते बाहेर येतात, एरवी खोलीत आपल्या साताऱ्याच्या खुर्चीत बसून असतात.

दुपारी माशांची पिशवी थोडा वेळ टाकीत तरंगत ठेवली आणि मग हळूच उघडली. सगळे गप्पी शेपट्या पसरून टाकीच्या दिव्याच्या निळ्या उजेडात मिरवू लागले. एक मात्र थेट ओंडक्यामागे जाऊन लपला. माझी लेक सई पट्टी घेऊन त्याला बाहेर काढायला निघाली.

"राहू दे गं त्याला," बाबा दारातून म्हणाले. "सकाळपर्यंत त्याचं पाणी वेगळं होतं."

मग ते आत गेले आणि खुर्ची उचलून थेट टाकीसमोर घेऊन आले. संध्याकाळचा चहाही तिथेच झाला. हॉलचे दिवे लावायचं कोणालाच सुचलं नाही. छतावर पाण्याचा उजेड हलत होता आणि आम्ही तिघं जणू तळ्याच्या तळाशी बसलो होतो.

तो मासा अजून लपलेलाच आहे. खुर्चीही अजून तिथेच आहे.

खरं सांगू? त्याने इतक्यात बाहेर येऊ नये, असं मला वाटतंय. फार स्वार्थी आहे का हो मी?