डॉलीचं इंग्लिश

नेलिदा बर्तोलिनो अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात एका कारखान्यात हातमोजे शिवायची आणि शनिवारी दुपारी रेडिओवर डॉली ग्रीन व्हायची. जॅझ गायचं तर नाव इंग्लिश हवं, म्हणून. इंग्लिशचं मात्र तिला ओ की ठो कळत नव्हतं. झिजलेल्या तबकड्या ऐकून ती गाणी उचलायची आणि जिथे शब्द लागायचा नाही तिथे तोंडाला येईल ते घालायची. मी अकरा वर्षं तिला पियानोवर साथ केली. मलाही ते सगळं इंग्लिशच वाटायचं, आणि आपल्याला कळत नाही म्हणून मी गप्प बसायचो.

त्रेपन्न साली घोळ झाला. कार्यक्रमात निम्मी गाणी देशी हवीत असा नियम होता, आणि ऐन शनिवारी टँगोवाल्याचा घसा बसला. एक परदेशी गाणं गाळून त्याजागी देशी घालायचं, म्हणजे गदा नेलीवर. तिला टँगो जमत नव्हता. एकदा वगळली की रेडिओवाले पुन्हा बोलावणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नियम पाळला जातो का ते बघणारे सरकारी तपासनीस किरोगासाहेब तालमीलाच येऊन बसले. "गा बघू. ड्रम नको, सावकाश."

ती गायली. साहेबांनी इंग्रजांच्या रेल्वेत वीस वर्षं कारकुनी केलेली.

"बाई, यात इंग्लिशचा एक शब्द नाही!"

नेली पांढरीफटक पडली. "मग काय आहे?"

"मला काय विचारता? गाताय तुम्ही!"

"बोजा नेन, मास्ना..." ती पुन्हा पुटपुटली, आणि माझी बोटं थांबली. ही तर माझ्या इटलीतल्या, पिएमोंतच्या आजीची बोली. म्हणजे, हलू नको गं पोरी! अकरा वर्षं माझे कान काय गहाण पडले होते?

"नेली, असं तुला कोण म्हणायचं?"

तिचा हात केसांकडे गेला. "आई. वेणी घालताना. मी सहा वर्षांची होते रे, ती गेली तेव्हा. मला तर तिचा आवाजही आठवत नाही."

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आई कुठली?"

"इटलीची."

"आणि वेणी कुठे घातली?"

"इथेच. रोसारियोत."

"मग देशी," म्हणत त्यांनी कागदावर लिहून टाकलं. बरोबर की चूक, ते त्यांनाही कळलं नसावं.

एरवी नेली गाताना खांदे उडवायची, टाचा आपटायची. त्या दुपारी रेडिओवर मी सुरुवातीलाच दोनदा चुकलो, कारण माझं लक्ष तिच्याकडे होतं. मान ताठ, हात खाली. गाणं संपेपर्यंत ती जराही हलली नाही.