जांभळ्या कडेचे वाल

बायको गेल्यावर दोन हिवाळे मी घरामागच्या वाडीत पाऊल टाकलं नाही. वाडी म्हणजे पवनारला आमच्या घरामागं धाम नदीकडे उतरणारा काळ्या जमिनीचा तुकडा, जेमतेम चार वाफ्यांचा. तिथं सगळं तिचं राज्य. मी शाळेत गणित शिकवायचो आणि घरी येऊन शेंगांची भाजी खायचो, एवढाच माझा शेतीशी संबंध. तिसऱ्या वर्षी दिवाळी झाली, मुलगी पुण्याला परत गेली आणि घर इतकं गप्प झालं की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायचो. मला एकटं वाटत होतं. हे लिहायला आजही लाज वाटते, पण होतं ते असं होतं. मग कुदळ काढली.

आधी वाटाणा लावला, दुकानातला, गुलाबी औषध चोळलेला. बी दोन पेरं खोल टाकलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, कारण दुसरं काही कामच नव्हतं. आठवड्यानं उकरून पाहिलं तर सगळा वाटाणा सडून गेलेला. काळी माती पाणी धरून ठेवते. आधी वाफा भिजवायचा, माती हाताला चिकटेनाशी झाली की पेरायचं, आणि मग आपला हात आवरायचा. हे गावात कोणालाही कळतं. जन्मभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवलेल्या माणसाला कळलं नाही. दुसऱ्यांदा पेरला तेव्हा झारी माळ्यावर टाकून दिली. वाटाणा उगवला.

तेव्हा कुठे वालाचा डबा उघडायची हिंमत झाली. हे वाल बायकोच्या माहेरचे, समुद्रपूरकडचे. शेंगेला जांभळी कड, दाणा काळपट. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाईंनी तिच्या पदरात बांधून दिले होते. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती ते लावायची आणि मूठभर बी राखेत घालून ठेवायची. माहेरच्या वाडीवर आता प्लॉट पडलेत, घरं उभी झालीत. हे बी उरलं होतं ते फक्त माझ्या डब्यात. राखेत हात घातला तर निम्म्याहून जास्त दाण्यांना भोकं पडलेली. भुंगा लागला होता. निवडून निवडून एकतीस दाणे निघाले.

ती नेहमी थोडे दाणे डब्यात परत टाकायची. मी टाकले नाहीत. आणखी वर्षभर ठेवले तर भुंगा हेही खाईल, अशी धास्ती मनात बसली होती. एकतीसच्या एकतीस भिजवले. कोरडे दाणे मातीत टाकले की मुंग्या नेतात, म्हणून ती मोड आणूनच लावायची. मीही ते ओल्या फडक्यात बांधून पुरचुंडी ओट्यावर ठेवली आणि दर दोन तासांनी उघडून बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पांढरे कोंब दिसले, जवळजवळ सगळ्यांना. घरात ऐकायला कोणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं म्हणालो, “आले गं.”

पुरचुंडी परत बांधून ठेवली, दाराला नुसती कडी लावली आणि वाफ्यात घालायला लेंडीखत आणायला सायकल काढली. पोतं बांधून परत यायला दोन तास लागले. दार उघडं होतं आणि आतून फोडणीचा वास येत होता.

बायकोची धाकटी बहीण आली होती. डोळे दाखवायला वर्ध्याला आलेली, ती वाट वाकडी करून पवनारच्या बसमध्ये बसली. पोळ्या झाल्या होत्या.

“या भाऊजी,” ती म्हणाली. “तुमचे वाल मस्त मोडावर आलते. म्हटलं, एकटा गडी माणूस, याईले कोण करून देते? टाकली उसळ. एवढेसेच होते, दोन आलू घातले मंग.”

माझे कान तापले. मी तापट माणूस आहे, वर्गात खडू फेकून मारायचो. विचारायचं तरी होतंस, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण विचारणार कशाला? आमच्याकडे ओट्यावर ओल्या फडक्यात बांधलेलं कडधान्य दिसलं की त्याचा दुसरा अर्थच होत नाही. शिवाय तिचे डोळे लाल झाले होते, सारखे पाणी गाळत होते, आणि तसल्या डोळ्यांनी तिनं माझ्यासाठी पोळ्या लाटल्या होत्या. मी हातपाय धुतले आणि पाटावर बसलो.

ती ताट घेऊन समोर बसली. मुलगी गेल्यापासून माझ्यासमोर बसून कोणी जेवलं नव्हतं. दुसऱ्या घासाला ती थांबली.

“भाऊजी, हे वाल कुठचे? मायच्या वाडीतल्या वालाले असाच जरासा कडूपणा राहे.”

“बाजारातले,” मी म्हणालो.

“बाजारात असे भेटून राह्यले आता?” तिनं पदरानं डोळे टिपले. ते दुखण्यानं गळत होते की आईच्या आठवणीनं, मला कळलं नाही. “आन् ताईनं नेलतं ते बी? ते आहे ना तुमच्याजवळ?”

खरं सांगितलं असतं तर हातातला घास तिच्या घशाखाली उतरला नसता. जन्मभर ती ते मनाला लावून घेत बसली असती.

“आहे ना. डब्यात आहे.”

“मले चार दाणे देजा मंग पुढच्या सालाले. अंगणात लावीन.”

“देतो,” मी म्हणालो, आणि कढईत उरलेली सगळी उसळ माझ्या ताटात वाढून घेतली.